बी.ए. करायला अमेरिकेत?

मार्चअखेर अमेरिकेतल्या कॉलेजांचे निकाल लागतात आणि बहुतेक ठिकाणी १ मेपर्यंत होकार कळवायचा असतो. मधल्या महिन्याभरात समुपदेशक म्हणून माझ्याकडे येणाऱ्या पालकांची पहिली दोन वाक्यं मला पाठ झाली आहेत. "मॅडम, या कॉलेजचं नाव कुणी ऐकलेलंच नाही हो." आणि पाठोपाठ, "वर डिग्री बी.ए.ची!"

ही कॉलेजं म्हणजे छोटी, खासगी, प्रामुख्याने पदवीपर्यंतच शिकवणारी लिबरल आर्ट्स कॉलेजं. साधारण दीड-दोन हजार विद्यार्थी, बरीचशी लहान गावांत, आणि जवळजवळ सगळी मुलं कॅम्पसवरच राहणारी. मुख्य विषय दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत ठरवायचा. भौतिकशास्त्र घेतलं तरी पदवी बहुधा बी.ए.चीच, आणि जोडीला इतिहास, संगीत, संख्याशास्त्र असं काहीही घेता येतं. आपल्याकडे बारावी सायन्सचं मूल बी.ए.ला गेलं म्हणजे काहीतरी बिनसलं, ही समजूत अजून गेलेली नाही. पालक दचकतात ते त्यामुळे.

चिंचवडचं एक कुटुंब सांगते. नाव आणि तपशील बदलले आहेत. मुलीला मुक्ता म्हणू या. बाबा वाहन उद्योगात वरच्या पदावर, आई बँकेत. मुक्ताकडे दोन प्रवेश होते. एक मध्यपश्चिमेतल्या छोट्या कॉलेजचा, भरघोस आर्थिक मदतीसह. दुसरा एका मोठ्या सरकारी विद्यापीठाचा, कॉम्प्युटर सायन्ससाठी, पूर्ण फी भरून.

बाबा सुरुवातीपासून दुसऱ्या बाजूने. "नातेवाइकांना काय सांगू? पोरगी कुठल्याशा गावात बी.ए. करायला गेली म्हणून?"

मी त्यांना सांगितलं की इंटेलच्या संस्थापकांपैकी एक, रॉबर्ट नॉइस, आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजमधून १९४९ साली पदवीधर झाले. जनुक-संपादनासाठी २०२०चं नोबेल मिळवणाऱ्या जेनिफर डाउडना यांची बी.ए. कॅलिफोर्नियातल्या पोमोना कॉलेजची.

"ते अपवाद झाले," बाबा म्हणाले.

बरोबरच होतं त्यांचं. थोरामोठ्यांच्या याद्यांनी आजवर कुणाची भीती गेलेली मी पाहिलेली नाही. मी त्या सांगते त्या समोरचा माणूस त्यावर काय बोलतो हे ऐकण्यासाठी. मी शिकले आहे ते हेच की माणूस ज्या गोष्टीवर वाद घालतो, ती बहुतेक वेळा त्याची खरी काळजी नसते. खरी काळजी त्याच्या जुन्या अनुभवात कुठेतरी बसलेली असते.

म्हणून पुढच्या भेटीत मी विषयच बदलला. "तुमच्या इंजिनीअरिंग कॉलेजात किती सर तुम्हाला नावानं ओळखायचे?"

ते हसले. "एकही नाही. हजेरीचा नंबर होता."

मग त्यांनी आपणहून सांगितलं. शेवटच्या वर्षी त्यांना एम.एस.साठी अमेरिकेत जायचं होतं आणि तीन शिफारसपत्रं हवी होती. एका सरांकडे गेले. सर म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." दुसऱ्यांनीही तेच सांगितलं.

"आणि मला स्वतःबद्दल चांगलं लिहिताच येईना," बाबा म्हणाले. "तीन रात्री बसलो. 'हा विद्यार्थी अतिशय मेहनती आहे.' पुढे काय लिहायचं? त्यांना मी माहीतच नव्हतो. मलाही कळेना, माझ्यात सांगण्यासारखं काय आहे."

त्यांनी अर्ज केलाच नाही. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली होती, पण बायकोला ही गोष्ट माहीत नव्हती. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मीही काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड बंद ठेवायचं असतं, आणि ते शिकायला मला बरीच वर्षं लागली आहेत.

थोड्या वेळाने मुक्ताच म्हणाली, "बाबा, तिथल्या वर्गात १२-१५ जण असतात."

ते "हं" म्हणाले. त्यानंतर नातेवाइकांचा विषय परत निघाला नाही.

ते गेल्यावर मी टिपणवहीत लिहिलं: ज्याला ओळखणारं कुणी नसतं, त्याची हमी संस्थेच्या नावालाच घ्यावी लागते. हे एकदा लक्षात आल्यापासून असे पालक मला जास्त चांगले कळतात. त्यांना आपण प्रतिष्ठेच्या मागे लागलेले म्हणतो, पण बहुतेक जण स्वतः अनोळखी राहून शिकलेले असतात. पोराजवळ निदान नावाचं कवच असावं, एवढंच त्यांना वाटतं. छोट्या कॉलेजात ते कवच पातळ असतं, हे खरं. त्याच्या बदल्यात चार वर्षं बारकाईने पाहिलेल्या प्राध्यापकाचं पत्र मिळतं. पदव्युत्तर शिक्षण त्याच कॉलेजात जवळजवळ नसल्यामुळे प्रयोगशाळेतलं कामही पदवीच्या मुलांनाच मिळतं.

बाबांचं मन वळलं आणि मुक्ता एकटी भेटायला आली. "आता माझीच पंचाईत झाली. १२ जणांच्या वर्गात लपता येत नाही ना."

शाळाभर ती शेवटून दुसऱ्या बाकावर बसलेली. उत्तर माहीत असायचं, हात वर जायचा नाही. मोठ्या विद्यापीठाचं तिला खरं आकर्षण होतं ते तीनशेंच्या वर्गाचं. हे तिने घरी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"भीती गेली की बोलेन" असं म्हणणाऱ्यांची भीती जात नाही, हे माझं ठाम मत आहे. आधी बोलायचं, भीती मागाहून उतरते. मी तिला एकच काम दिलं: त्या कॉलेजच्या एका प्राध्यापकांना स्वतः मेल लिहायची, आईबाबांना न दाखवता, आणि त्यात खरोखर पडलेला प्रश्न विचारायचा.

पुढच्या भेटीत ती वैतागून आली. "त्यांनी उत्तर दिलंय आणि शेवटी मलाच प्रश्न विचारलाय. आता लिहावं लागेल!"

तिने लिहिलं. त्याच आठवड्यात कॉलेजला होकारही कळवला.

या सगळ्यात आईचा प्रश्न मला सर्वांत शहाणा वाटला होता. "हे कॉलेज चार वर्षं टिकेल का?" बँकेतली बाई. शंका रास्त होती. व्हर्जिनियातलं स्वीट ब्रायर २०१५ मध्ये बंद होणार असं जाहीर झालं होतं, माजी विद्यार्थिनींनी ते वाचवलं; न्यू यॉर्क राज्यातलं वेल्स कॉलेज २०२४ मध्ये बंदच झालं. तेव्हा कॉलेजचा स्थायी निधी, म्हणजे कायमची गुंतवून ठेवलेली रक्कम, किती, विद्यार्थिसंख्या घटते आहे का, हे बघाच. बहुतेक कॉलेजं 'कॉमन डेटा सेट' नावाचा तक्ता दरवर्षी जाहीर करतात. वर्ग किती मोठे आणि परदेशी विद्यार्थ्यांना किती मदत मिळते, हे माहितीपत्रकापेक्षा त्यात खरं कळतं.

पैशांचं आधी बोला. नामांकित छोट्या कॉलेजांचा राहण्याखाण्यासह छापील खर्च आता वर्षाला ८० हजार डॉलरच्या पुढे आहे. ॲमहर्स्ट, बोडनसारखी मोजकी कॉलेजं परदेशी मुलाने मदत मागितली म्हणून प्रवेशाच्या वेळी ते मनात धरत नाहीत; बाकी बरीच धरतात. आणि अर्जाबरोबर मदत मागितली नाही, तर पुढे मागू म्हणून चालत नाही, असं अनेक ठिकाणी असतं.

बी.ए.मुळे नोकरीचं अडतं, हा मात्र गैरसमज. आजच्या नियमांनुसार शिक्षणानंतर कामाची परवानगी १२ महिने मिळते आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीतल्या विषयांना आणखी २४ महिने. तिथे पदवीची अक्षरं बघत नाहीत, विषयाचा सांकेतिक क्रमांक बघतात. अर्थशास्त्र घेणाऱ्यांनी हा क्रमांक कॉलेजला जरूर विचारावा, कारण तो सगळीकडे एक नसतो.

आणि सगळ्यांनी छोट्या कॉलेजात जावं असं माझं अजिबात म्हणणं नाही. त्याच वर्षी एका मुलाला मी उलटं सांगितलं. त्याला यंत्रमानव बनवायचे होते, तेही पहिल्या दिवसापासून. स्वार्थमोर किंवा स्मिथसारखे अपवाद सोडले तर अशा कॉलेजांत इंजिनीअरिंग फारसं नसतं. तीन वर्षं छोट्या कॉलेजात आणि दोन वर्षं मोठ्या विद्यापीठात, असा जोडमार्ग काही कॉलेजं देतात, पण तो पाच वर्षांचा. पोरगं कुठेही स्वतःहून दार ठोठावणारं होतं, त्याला गर्दीचं काय भय! तो मोठ्या विद्यापीठात गेला.

मुक्ताच्या आईने शेवटच्या भेटीत विचारलं, नाताळच्या सुट्टीत वसतिगृह बंद करतात का? काही ठिकाणी करतात, काही ठिकाणी राहण्याचे वेगळे पैसे घेतात. होकार कळवण्याआधी हेही विचारून घ्या.