पडलेल्या चित्रपटाची गोष्ट चाहत्यांनी वेबकॉमिकमधून पुढे न्यावी का?

आपला प्रश्न असा आहे की, १९९३ सालचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा निन्टेंडो कंपनीच्या त्याच नावाच्या व्हिडिओ गेमवर बेतलेला चित्रपट समीक्षकांनी झोडपला आणि तिकीटबारीवरही तो आपटला, तरी काही चाहत्यांनी २०१३ मध्ये त्याचा पुढचा भाग वेबकॉमिकच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या चित्रकथेच्या, रूपात का सुरू केला. आणि आपल्या मनातही अशाच एका फसलेल्या चित्रपटाची पुढची गोष्ट घोळत असेल तर ती काढायला घ्यावी का. मी चित्रकथांसाठी लेखन करतो आणि हा चित्रपट मला मनापासून आवडतो, तेव्हा माझे उत्तर तटस्थ नाही हे आधीच सांगितलेले बरे. माझे मत असे आहे की, फसलेल्या चित्रपटाने एखादे जग नीट कल्पिलेले असेल आणि ते दाखवायचे राहून गेले असेल, तर त्याची गोष्ट पुढे नेण्याला पूर्ण अर्थ आहे.

या चित्रपटाची कथा तर उघडपणे अर्धवट सोडलेली आहे. समांतर जगातल्या कूपा या हुकूमशहाचा पराभव झाल्यावर राजकन्या डेझी आपल्या वडिलांजवळ त्या जगात राहते, मारिओ आणि लुईजी हे नायक भाऊ न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनला परततात, आणि आता सारे सुरळीत झाले असे वाटत असतानाच ती लढाईच्या वेशात, हातात शस्त्र घेऊन त्यांच्या घरी येऊन थडकते. आपण जे सांगणार आहोत ते तुम्हाला खरे वाटणार नाही, एवढे ती म्हणते आणि चित्रपट संपतो. दुसरा भाग निघेल या भरवशावर ठेवलेला हा शेवट होता, पण चार कोटी डॉलरहून अधिक खर्च करून अमेरिकेत जेमतेम दोन कोटी दहा लाखांच्या आसपास कमाई झाल्यावर दुसऱ्या भागाचे नाव कोण काढणार? डेझीला काय सांगायचे होते, हे त्यामुळे प्रेक्षकांना कधी कळलेच नाही.

तरीही केवळ लटकता शेवट पुरेसा नसतो. तसे शेवट असलेले कितीतरी चित्रपट लोक सहज विसरून जातात. इथे चाहत्यांना धरून ठेवले ते दिग्दर्शक रॉकी मॉर्टन आणि ॲनाबेल जँकल यांनी खेळातल्या एकेका वस्तूची जी उकल केली तिने. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी उल्का आदळली आणि तिच्या आघाताने विश्वाचे दोन भाग झाले. एका भागात डायनासोर नामशेष झाले, तर दुसऱ्यात ते उत्क्रांत होत होत माणसांसारखे झाले, अशी चित्रपटाची मूळ कल्पना आहे. तिथला कूपा यंत्राच्या साहाय्याने उत्क्रांतीचे चक्र उलटे फिरवतो आणि आपल्या विरोधकांना प्रचंड अंगाचे, चिमुकल्या डोक्याचे गुंबा बनवून टाकतो. त्याने पदच्युत केलेला राजा, म्हणजे डेझीचा बाप, शहरभर पसरलेली बुरशी होऊन लोंबकळत असतो. खेळात सहज भेटणारे मश्रूम इथे बुरशी होऊन आले, आणि मारिओची उंच उडी यांत्रिक बुटांमुळे शक्य झाली. खेळाचे रंगीबेरंगी, लोभस राज्य पाहायला आलेल्या मुलांना हे अंधारे, ओलसर शहर परके वाटले असणार, आणि त्यांची निराशा मला समजते. पण नियम एकदा मान्य केला की तो नियम चित्रपट बऱ्याच निष्ठेने पाळतो.

लिफ्टमधला प्रसंग आठवून पाहा. दोघे भाऊ गुंबांच्या गर्दीत लपलेले असतात, सापडण्याची भीती असते, आणि लुईजी समोरच्या गुंबाला मागून हलकेच डोलवू लागतो. एक डोलतो, मग शेजारचा, आणि बघता बघता ती सारी अवाढव्य फौज संगीताच्या तालावर झुलू लागते. हे एकेकाळी माणसांसारखे नागरिक होते आणि त्यांच्यात अजून काहीतरी शिल्लक आहे, हे तिथे एकाही संवादाविना कळते. मग या गुंबांचे पुढे काय झाले? कूपा गेल्यावर त्यांना पूर्वीचे रूप परत मिळाले का? चित्रीकरण चालू असतानाही पटकथा बदलत राहिल्यामुळे असे अनेक धागे सुटले, आणि सुटलेले धागे हेच पुढच्या लेखकाचे भांडवल असते.

वेबकॉमिकच्या कर्त्यांनी मूळ पटकथाकारांपैकी एक असलेल्या पार्कर बेनेट यांचे साहाय्य घेतले, हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण त्यामुळे खेळाची सरळ नक्कल न होता चित्रपटाची विचारपद्धत पुढे चालू राहण्याची शक्यता वाढली. खलनायक म्हणून त्यांनी १९८८ मध्ये अमेरिकेत आलेल्या मारिओच्या दुसऱ्या खेळातला वॉर्ट निवडला. खेळातला हा वॉर्ट स्वप्नांच्या देशावर कब्जा करणारा बेडूक आहे आणि त्याच्या तोंडात भाज्या फेकून त्याला हरवावे लागते. ज्या जगात मश्रूमलाही जीवशास्त्रीय कारण द्यावे लागते, तिथे स्वप्ने आणि भाज्या कशा बसवायच्या? लेखक म्हणून मला हा प्रश्न अतिशय मोहक वाटतो, आणि असा प्रश्न चांगल्या चाललेल्या, सगळे काही सांगून झालेल्या चित्रपटातून सहसा हाती लागत नाही.

चित्रकथा हे माध्यमही या कामाला योग्य आहे. पडद्यावर ते शहर उभारायला कोट्यवधी डॉलर लागले. कागदावर एक चित्रकार ते एकट्याने उभारू शकतो. कूपा झालेले डेनिस हॉपर २०१० मध्ये गेले, मारिओ झालेले बॉब हॉस्किन्स २०१४ मध्ये; चित्रात मात्र त्यांचे चेहरे पुन्हा आणता येतात. त्यातही बारकावा असा की, या चित्रपटातल्या लुईजीला, म्हणजे जॉन लेग्विझामो यांना, मिशा नव्हत्या. बिनमिशांचा लुईजी रेखाटला की तो कोणत्या जगातला आहे हे जाणकाराला पहिल्याच चौकटीत समजते. हालचाल आणि आवाज मात्र हातचे जातात, आणि गुंबांचे ते झुलणे स्थिर चित्रांत पकडणे फार कठीण आहे.

याच निष्ठेने पुढे २०२१ मध्ये चाहत्यांनी कच्च्या संकलनाच्या जुन्या व्हिडिओ टेपवरून सुमारे वीस मिनिटांची वगळलेली दृश्ये जोडून चित्रपटाची मोठी आवृत्ती तयार केली. अशी माणसे मिळाली तर पडलेला चित्रपटही जिवंत राहतो.

आता आपल्याविषयी. हक्कांची बाब हलक्याने घेऊ नका. पैसे न घेणे आणि काम अनधिकृत आहे असे ठळकपणे लिहिणे योग्यच आहे, पण त्याने कायदेशीर संरक्षण मिळतेच असे नाही. २०१६ मध्ये निन्टेंडोने चाहत्यांनी विनामूल्य दिलेली ‘मेट्रॉइड २’ या आपल्या जुन्या खेळाची नवी आवृत्ती संकेतस्थळांवरून काढायला लावली होती. दुसरे म्हणजे, हौशी चित्रकथा बहुधा मध्येच थांबतात, कारण एक पान वाचायला अर्धे मिनिट लागते आणि काढायला कित्येक दिवस. म्हणून चित्रपटाने स्वतःसाठी घातलेले नियम आधी एका कागदावर लिहून काढा, त्यांना धरून स्वतःत पूर्ण होणारा दहा-बारा पानांचा एकच प्रसंग रचा, आणि सगळी पाने हातात आल्याशिवाय पहिले पान प्रसिद्ध करू नका.