होडीचं जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन सुरूच होत नाही. कार्ब्युरेटर बदलू का?

तुम्ही लिहिलंय की इंजिन दोन सिलिंडरचं, वीसेक वर्षांपूर्वीचं आहे, सात-आठ महिने पडून होतं, प्लग नवे घातलेत, तरी दोरी कितीही ओढली तरी दाद देत नाही. आणि आता नवा कार्ब्युरेटर मागवायच्या बेतात आहात. इतक्यात मागवू नका. अंदाजाने पार्ट बदलत गेलं की पैसे संपतात आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो.

आधी फुकटातल्या गोष्टी बघून घ्या. बंद करायच्या स्विचची लाल दोरीवाली क्लिप नीट बसलीय का? गिअर न्यूट्रलला आहे का? टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का? हसू नका, तो स्क्रू बंद राहिल्याने हैराण झालेले अनुभवी लोकही मी पाहिलेत.

मग दोरी पाच-सहा वेळा ओढा, लगेच दोन्ही प्लग काढा आणि त्यांचं टोक बघा. ओलं की कोरडं? पुढची सगळी दिशा इथेच ठरते.

कोरडं असेल तर पेट्रोल आत पोचत नाहीये, आणि इतके महिने पडून राहिलेल्या इंजिनात माझा पहिला संशय यावरच. टाकीतलं जुनं पेट्रोल एका पारदर्शक बाटलीत काढून थोडा वेळ ठेवा. तळाला पाण्याचा वेगळा थर दिसला, किंवा वास आंबूस, रंगासारखा येत असेल, तर ते वापरूच नका. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावा ओढतं आणि एका मर्यादेपुढे पाणी-इथेनॉल खाली बसतं. इंजिनाची नळी नेमकी तळातूनच ओढते. ताजं पेट्रोल घ्या, त्यात इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणात टू-स्ट्रोक ऑइल घाला (५०:१ असेल तर लिटरला २० मिली, खूप जुन्या मॉडेलना जास्त लागतं).

आता नळीवरचा रबरी पंप दाबा. त्यावरचा बाण इंजिनाकडे हवा. दाबत गेल्यावर तो टणक व्हायला पाहिजे. होत नसेल आणि बाहेर कुठे गळतही नसेल, तर कुठूनतरी हवा शिरतेय किंवा पंपातला व्हॉल्व्ह गेलाय. इंजिनाला जोडायच्या कनेक्टरमधली छोटी रबरी रिंग चिरलेली आहे का, तेही पाहा. कार्ब्युरेटरमधून पेट्रोल ओघळत असेल तर फ्लोटची सुई (पेट्रोल अडवणारी) बसत नाहीये.

पंप टणक आणि प्लग तरीही कोरडा? मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल मिसळलेलं पेट्रोल आत टाका, प्लग लावा, आजूबाजूला सांडलेलं पुसा आणि ओढा. इंजिन दोन-तीन सेकंद धडधडून बंद पडलं तर आनंद माना: करंट आहे, कॉम्प्रेशनही (सिलिंडरमधला दाब) कामापुरतं आहे, दोष फक्त पेट्रोलच्या वाटेत आहे. जुन्या पेट्रोलचा चिकट थर जेटमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या बारीक भोकात, बसलेला असतो. कार्ब्युरेटर उघडून क्लीनरने धुवा, जेटमधून उजेड आरपार दिसला पाहिजे. भोक मोठं होईल अशी तार मात्र त्यात खुपसू नका. गॅस्केट आणि सुईचा किट पुरतो, अख्खा कार्ब्युरेटर क्वचितच लागतो.

प्लग ओला निघाला तर करंट बघा. दोन्ही प्लग वायरच्या टोपीत घालून त्यांचं धातूचं अंग इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट टेकवा, प्लगच्या भोकांपासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ येते. वायर अधांतरी ठेवून ओढू नका, सीडीआय (ठिणगी पाडणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) जळू शकतो. ठिणगी निळी, कडक हवी. दोन्हींना अजिबात नसेल तर स्टॉप स्विचची वायर तात्पुरती काढून पुन्हा बघा. ठिणगी आली, तर स्विच किंवा त्याची वायर गंजून इंजिनाच्या धातूला शॉर्ट होतेय. पण वायर काढलेली असताना इंजिन सुरू झालं तर बटणाने बंद होणार नाही, चोक ओढून बंद करावं लागेल. एकाच सिलिंडरला ठिणगी नसेल तर दोन्ही सिलिंडरच्या ठिणगीच्या कॉइल अदलाबदल करून पाहा. ठिणगी चांगली असून प्लग चिंब असेल तर इंजिन ओव्हर झालंय, म्हणजे आत पेट्रोल जास्त झालंय. चोक ओढलेला नको, थ्रॉटल पूर्ण उघडा, प्लग बाहेर, पण वरसारखेच भोकांपासून लांब धातूला टेकवून दोन-चार वेळा दोरी ओढा, मग कोरडे प्लग लावा.

यातून काहीच निघालं नाही तर कॉम्प्रेशन गेज लावा. आकडा मॉडेलनुसार बदलतो. दोन सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. एकाला ११० पीएसआय आणि दुसऱ्याला ६० आलं तर कार्ब्युरेटर धुण्यात अर्थ नाही, इंजिन उघडावंच लागेल.

सुरू झालंच तर उत्साहात कोरडं चालवू नका. इंजिनाचा पाय (खालचा पंख्याकडचा भाग) पाण्यात बुडवा किंवा पाण्याचा होस लावा, नाहीतर पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर लगेच खराब होतो.

प्लग ओला होता की कोरडा, एवढं कळवा. मग पुढचं नेमकं सांगतो.