नाव सांगताना अडणारी जीभ

"मॅडम, कॅम्पस इंटरव्ह्यूच्या आधी वरचा जबडा पुढे घेण्याचं ऑपरेशन उरकून घेऊ का?" दुभंगलेल्या ओठ-टाळूसह जन्मलेली मुलं शेवटच्या वर्षाला आली की हा प्रश्न हमखास येतो.

ही मुलगी इंजिनिअरिंगची. ओठ-टाळू लहानपणीच शिवलेले, पण प, ब, क, ट म्हणताना हवा नाकातून निसटायची. म, न स्वच्छ. ती अक्षरं मुळात नाकाचीच. तिचं नाव नेमकं 'प'वरून.

"बाकी शब्द बदलते, नाव कसं बदलू? 'परत सांग' म्हणाले की कळतं, मी नकोय त्यांना."

"'परत सांग' म्हणजे 'नको', हे कुणी सांगितलं?"

ती गप्प झाली. घटनेपेक्षा आपण त्या घटनेला लावलेला अर्थ जास्त छळतो, असं मी मानते. पण नुसतं सांगून ते पटत नाही. म्हणून तिला सराव-मुलाखतीचा व्हिडिओ करायला लावला. जिथे कळलं नाही तिथे मैत्रिणीने खूण करायची. खुणा ११ आल्या. नाकातल्या हवेपाशी फक्त ३. उरलेल्या ८ खुणा वाक्यांच्या शेवटी, जिथे ती घाईने आवाज गिळत होती आणि हात तोंडावर जात होता.

तिने तो व्हिडिओ दोनदा पाहिला. "म्हणजे मी लपवते तिथेच कळत नाही?"

हे मी पहिल्याच दिवशी सांगू शकले असते. तिच्या तोंडून आलं म्हणून टिकलं.

मग सराव साधा होता. हात मांडीवर, नावानंतर क्षणभर थांबा, श्वास संपायच्या आत वाक्य पूर्ण. सुरुवातीला माफी न मागता एवढंच: "लहानपणी टाळूची शस्त्रक्रिया झाली आहे, शब्द कळला नाही तर जरूर विचारा." फोनवर ओठ दिसत नाहीत, म्हणून शक्य तिथे व्हिडिओ कॉल मागायचा.

त्या ३ खुणा मात्र मनाच्या नव्हत्या. बोलताना टाळू नाकाची वाट पुरती बंद करत नसेल तर फुगे फुगवून ती बंद होत नाही. स्पीच थेरपिस्ट आणि सर्जन यांनी मिळून दुर्बिणीने पाहावं लागतं. कानही तपासावेत; टाळू दुभंगलेल्यांच्या मध्यकर्णात पाणी साचून ऐकू कमी येणं नेहमीचं आहे.

आणि ऑपरेशन? ते सहसा जबड्याची वाढ थांबल्यावर करतात. आधी बहुधा वर्ष-दीड वर्ष दातांना तारा, नंतर काही आठवडे मऊ अन्न. शिवाय वरचा जबडा पुढे घेतल्यावर टाळूमागची फट वाढून नाकातला आवाज वाढू शकतो, हे मुलांना क्वचितच कुणी सांगतं. तिने आधी टाळूच्या तपासणीची तारीख घेतली. जबड्याच्या ऑपरेशनची तारीख कॅम्पस संपल्यावर ठरवणार आहे.