चायनाला जाऊ का? एजंट म्हणतो भाषा लागत नाही

प्रश्न : काका नमस्कार, मी बडोद्याचा, दांडिया बाजारला राहतो, यंदा बी.ई. इलेक्ट्रिकल संपतंय. बाबांचं मकरपुरा जीआयडीसीत छोटं युनिट आहे, स्विचगियरचे, म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विच-ब्रेकरचे, पार्ट बनवतो आम्ही. अलकापुरीतला एक एजंट म्हणतोय चायनात दोन वर्षांचं इंजिनीअरिंग मॅनेजमेंटचं मास्टर्स कर, इंजिनीअरिंगही होतं बिझनेसही होतो, सगळं इंग्लिशमध्ये, भाषेची गरजच नाही, आणि इकॉनॉमी एवढी जोरात आहे की नोकरी तिथेच लागते. या आठवड्यात एक लाख डिपॉझिट मागतोय. आईचा वेगळाच प्रश्न, शाकाहारी माणसाने तिथे खायचं काय?

उत्तर : आधी डिपॉझिट थांबव, मग पुढचं वाच.

चायनाला जायला माझी ना नाही, तुमच्या लाइनला तर अमेरिकेपेक्षा तेच बरं. पण जोरात वाढणारी इकॉनॉमी म्हणजे तुला नोकरी, हे गणित कुठून आणलं त्याने? वर्षाला 10 टक्क्यांच्या आसपास वाढायचे ते दिवस गेले, 2024 चा त्यांचा सरकारी आकडा 5 टक्के आहे. जून 2023 मध्ये तिथल्या शहरांतल्या 16 ते 24 वयाच्या पोरांची बेरोजगारी 21 टक्क्यांवर गेली, त्यानंतर सरकारने काही महिने तो आकडा छापणंच बंद केलं. त्यांचीच पोरं डिग्री घेऊन बसलीत, तुला भाषा येत नाही तर कोण घेणार? वर्क परमिटला साधारण दोन वर्षांचा अनुभव मागतात, तिथेच मास्टर्स केलं तर सूट आहे पण ती चांगले मार्क आणि हातात ऑफर असेल तरच.

आता भाषेचं. मी बरीच वर्षं तिकडून माल आणतोय म्हणून सांगतो. चीनच्या पूर्व किनाऱ्यावरच्या वेन्झौ शहराजवळ ल्यूशी नावाचं गाव आहे, लो व्होल्टेज स्विचगियरची राजधानीच म्हणतात त्याला, तुझ्या बाबांना नक्की माहीत असणार. तिथल्या एका कारखान्यात मी सुरुवातीला कॅल्क्युलेटर घेऊन बसायचो, मालक आकडा टाकायचा, मी कमी करून टाकायचो, चहा प्यायचा की झालं डील. दोन लॉट खराब आले तेव्हा डोळे उघडले आणि रात्री बसून मँडरिन, म्हणजे प्रमाण चायनीज, शिकायला लागलो. गंमत म्हणजे मालक लोक आपसात वेन्झौची बोली बोलतात, ती बीजिंगवाल्यालाही कळत नाही, तर तिथे माझं शिकलेलं सगळं फुकट! पण खाली शॉपफ्लोरवर कामगार बाहेरच्या प्रांतांतले, ते आपसात मँडरिनच बोलतात. तिसऱ्या खेपेला एका फोरमननेच मला बाजूला घेऊन सांगितलं की या काँटॅक्ट टिप्सवर (स्विचमध्ये करंट जोडणारी टोकं) चांदी पातळ आहे, मागच्या रॅकमधल्या घे. नखाएवढी टिप, नुसती बघून मला जन्मात कळलं नसतं. तुझ्या घरच्या धंद्याला हे कळणारा माणूस पाहिजे, आणि तो फक्त इंग्लिशमधली लेक्चरं ऐकून तयार होत नाही.

म्हणून मी तुझ्या जागी असतो तर उलट केलं असतं. आधी एक वर्ष नुसती भाषा, एचएसके या चायनीज भाषेच्या परीक्षेच्या चौथ्या लेव्हलपर्यंत (जुन्या हिशोबाने 1,200 शब्द, मन लावलंस तर होतं), मग मास्टर्स, आणि शहर निवडताना रँकिंगइतकंच आजूबाजूला कोणते कारखाने आहेत ते बघ. हांगझौ, निंगबो, वेन्झौ हा पट्टा तुमच्या कामाचा. चीन सरकारची सीएससी स्कॉलरशिप आहे, मास्टर्सला फी, हॉस्टेल आणि महिन्याला 3,000 युआन, आधीचं भाषेचं वर्षही त्यातच बसू शकतं. फॉर्म साधारण वर्षाच्या सुरुवातीला भरतात, स्वतः भरता येतो. एजंट याबद्दल एक शब्द बोलला नाही ना? त्याला त्यात कमिशन नाही.

स्वखर्चाने गेलास तर युनिव्हर्सिटीकडून अॅडमिशन लेटर आणि व्हिसासाठी लागणारा जेडब्ल्यू 202 फॉर्म येतो, त्यावर एक्स 1 म्हणजे लांब मुदतीचा स्टुडंट व्हिसा, आणि उतरल्यापासून 30 दिवसांत रेसिडेन्स परमिट. पार्टटाइम काम युनिव्हर्सिटीच्या परवानगीशिवाय आणि परमिटवर नोंद झाल्याशिवाय चालत नाही, "तिथे कमवून खर्च काढेल" असं कोणी म्हणालं तर सोडून दे. डिग्री इथे चालेल का तेही जायच्या आधीच बघ. 2020 मध्ये कोविडमुळे चीनची बॉर्डर बंद झाली आणि आपली पोरं दोन वर्षांहून जास्त घरी बसून ऑनलाइन शिकत राहिली, तेव्हा यूजीसीने सांगितलं की आधी मंजुरी नसलेली ऑनलाइन डिग्री आम्ही मानत नाही.

आता आईंना सांग, उपाशी नाही राहणार. फक्त "मांस नको" म्हणून भागत नाही, भाजीत डुकराची चरबी असते, सूपमध्ये हाडं. "वो ची सू" म्हणायचं, म्हणजे मी शाकाहारी, आणि तरीही विचारून घ्यायचं. बहुतेक हॉस्टेलांत कॉमन किचन असतं, तेव्हा इंडक्शनवर चालणारा तीन लिटरचा कुकर बॅगेत टाक. गोडा मसाला आईंनी भरून दिलाच तर दोन पिशव्यांत बांध, माझी बॅग एकदा फुटली होती आणि शांघायच्या कस्टमवाल्याला अर्धा तास वास देत समजावत बसलो होतो.