गुन्हा गिऱ्हाइकावर टाकला तर बाईचं काय बिघडतं?

प्रश्न : स्वीडनमध्ये म्हणे धंदा करणाऱ्या बाईला पोलीस काही करत नाहीत, केस फक्त गिऱ्हाइकावर होते. मला तर हे एकदम बरोबर वाटतं. मग सेक्स वर्करच्या संघटनाच याच्या विरोधात का बोलतात? की मागे दलाल असतात?

उत्तर : ताई, दलालांचं आधी सांगते. फ्रान्सने असाच कायदा 2016 मध्ये केला, त्याच्याविरुद्ध युरोपच्या मानवाधिकार कोर्टात 261 जण गेले आणि ते स्वतः हे काम करणारेच होते. 2024 मध्ये कोर्टाने कायदा कायम ठेवला, पण त्यांचं म्हणणं ऐकायलाच हवं.

स्वीडनने हे 1999 मध्ये सुरू केलं, हेतू चांगलाच होता. पण होतं काय, गिऱ्हाईक पकडलं जायच्या भीतीने घाईत असतं, खरं नाव नंबर देत नाही, आडबाजूला चल म्हणतं, आणि हा माणूस प्यायलाय का, कंडोम वापरणार का, हे आधीच बोलून घ्यायला बाईला जो थोडा वेळ लागतो तोच हातून जातो. जे घाबरतात ते यायचे बंद होतात, ज्यांना कशाचीच भीती नाही ते येतच राहतात, मग कमाई घटली की नको वाटणाऱ्यालाही नाही म्हणणं परवडत नाही.

घराचे हाल तर विचारूच नका. गिऱ्हाइकावरच गुन्हा टाकणाऱ्या नॉर्वेत अशा कामासाठी जागा दिली तर घरमालकच अडकतो, म्हणून तिथे पोलिसांनी मालकांवर दबाव आणून बायकांना घराबाहेर काढायला लावलंय. असाच कायदा असलेल्या आयर्लंडमध्ये दोघींनी सोबत एका घरात काम केलं तरी तो कुंटणखाना धरला जातो. अहो, सोबत कुणीतरी असणं हाच तर आधार ना! मग मार खाल्ला तरी पोलिसांत कोण जाईल, तक्रार केली की डोक्यावरचं छप्पर जायचं.

न्यूझीलंडने 2003 मध्ये हे काम गुन्ह्यातूनच काढलं. चौघींपर्यंत मिळून, कुणी मालक नसताना, लायसन्सशिवाय काम करता येतं, आणि ठरल्यानंतरही ऐनवेळी नाही म्हणायचा हक्क कायद्यातच लिहिलाय. 2014 मध्ये तिथल्या एकीने लैंगिक छळाबद्दल कुंटणखान्याच्या मालकाविरुद्ध दाद मागितली आणि 25,000 डॉलर भरपाई मिळवली. मात्र तात्पुरत्या व्हिसावर आलेल्यांना तिथेही हे काम करायला बंदी आहे, त्यामुळे देशाबाहेर काढतील या भीतीने त्या गप्प बसतात, आणि मला हा त्या कायद्याचा मोठा दोष वाटतो.

जबरदस्ती केली किंवा 18 खालच्या मुलीला यात आणलं तर तिथेही शिक्षा आहेच. उलट शेजारच्या खोलीत कुणाला कोंडून ठेवलंय हे सगळ्यात आधी याच बायकांना कळतं, फक्त ते सांगायला गेल्यावर आपल्यालाच धरणार नाहीत एवढी खात्री त्यांना हवी.