वारा कुठून येतोय? शिडाच्या नावेविषयी वाचकांचे प्रश्न

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की सोलापुरातून पाण्यावरच्या खेळांबद्दलची पत्रं वाढतात. हैदराबादचं हुसेनसागर एका रात्रीच्या प्रवासावर, कोकणात तर गाड्या भरून जाणं आलंच, आणि आपलं म्हणावं असं उजनीचं पाणीही जिल्ह्यातच आहे. या वेळच्या बहुतेक पत्रांत शिडाच्या नावेवरच्या शब्दांचा गोंधळ आहे.

माझी अकरा वर्षांची मुलगी मे महिन्यात हुसेनसागरवर ऑप्टिमिस्ट होडी शिकायला जाणार आहे. माहितीपत्रकात पोर्ट, स्टारबोर्ड, विंडवर्ड, लीवर्ड, शीट, टॅक, जाइब अशी शब्दांची यादीच दिली आहे. ती नुसती पाठ करतेय. आधी काय शिकवावं? (एक पालक, जुळे सोलापूर)

पाठांतर आधी थांबवा. यातले निम्मे शब्द वारा कुठून येतोय हे कळल्याशिवाय लागूच होत नाहीत. संध्याकाळी तिला गच्चीवर न्या, डोळे मिटायला सांगा आणि दोन्ही कानांना वारा सारखा लागेपर्यंत हळूहळू वळू द्या. आता तिचं तोंड वाऱ्याकडे आहे. हे सहज जमू लागलं की खडूने 2.3 मीटर लांबीची होडी काढा. ऑप्टिमिस्टची खरी लांबी तेवढीच असते.

होडीत मागे बसून नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे पाहिलं की डावी बाजू पोर्ट, उजवी स्टारबोर्ड. तुम्ही पाठमोरे बसलात तरी या बाजू बदलत नाहीत, त्या नावेच्या आहेत. विंडवर्ड म्हणजे वाऱ्याकडची बाजू आणि लीवर्ड म्हणजे तिच्या समोरची, वारा जिकडे निघून जातो ती. या मात्र बदलतात. नाव वळली की मघाची विंडवर्ड बाजू लीवर्ड होऊ शकते. सुकाणू धरणारा शक्यतो विंडवर्ड बाजूला बसतो, म्हणजे शीड नावेला जिकडे कलवतं त्याच्या उलट्या बाजूला त्याचं वजन पडतं.

शीट म्हणजे शीड नव्हे, शीड आत-बाहेर करणारा दोर. घाबरल्यावर पहिलं काम हा दोर सोडणं. शीड फडफडू लागतं, जोर जातो, होडी थांबते. नवशिकी मुलं नेमकं उलट करतात, जे हातात आहे ते घट्ट आवळून धरतात, आणि होडी कलंडते. घरी एवढं एकच पक्कं झालं तरी खूप आहे.

आता खडूच्या होडीच्या नाळेपासून वाऱ्याच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना साधारण 45-45 अंशांचा पाचर काढा. या पाचरात शिडाची नाव चालत नाही. वाऱ्याच्या दिशेला जायचं तर पाचराच्या एका कडेने जायचं, मग दुसऱ्या कडेने, असं नागमोडी. या कडेने जाण्याला क्लोज हॉल्ड म्हणतात आणि तेव्हा शीड जवळजवळ पूर्ण आत ओढलेलं असतं. वारा बरोबर बाजूने आला की बीम रीच, शीड अर्धं बाहेर. वारा थेट पाठीमागून आला की रन, शीड पूर्ण बाहेर.

एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाताना नाळ वाऱ्यातून फिरते, तो टॅक. आधी वेग घ्यायचा, टिलर म्हणजे सुकाणूचा दांडा शिडाच्या दिशेला सावकाश ढकलायचा, बूम म्हणजे शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा डोक्यावरून जाताना वाकून बाजू बदलायची, टिलर सरळ करायचा. वेग कमी असेल तर नाव पाचरातच अडकते. टिलर एकदम धाडकन ढकलला तरी तेच, कारण आडवं झालेलं सुकाणू ब्रेकसारखं वागतं. अडकलंच तर बूम आणि टिलर दोन्ही आपल्यापासून दूर ढकलून धरायचे. नाव मागे सरकत वळते. मग दोन्ही आपल्याकडे ओढले की ती पुन्हा चालू लागते.

जाइबमध्ये पिछाडी वाऱ्यातून फिरते, आणि डोक्याला टेंगूळ येतं ते इथेच. टॅकमध्ये शीड मधल्या मध्ये फडफडत बाजू बदलतं, जाइबमध्ये ते वाऱ्याने भरलेलंच असतं आणि बूम एका झटक्यात पलीकडे जातो. म्हणून शीट आधी आत ओढून घ्यायची, मान खाली, बूम गेला रे गेला की टिलर लगेच मध्यावर. टिलर तसाच राहिला तर नाव गर्रकन वाऱ्याकडे वळते आणि आडवी होते. पहिले काही दिवस प्रशिक्षकाने हलक्या वाऱ्यातच जाइब करून घ्यावा. माहितीपत्रकात हे दिसत नसेल तर फोन करून विचारा.

शर्यत पाहताना एक नाव ‘स्टारबोर्ड!’ असं ओरडली आणि दुसरी मुकाट्याने वळली. ओरडणाऱ्या नावेचं शीड तर डावीकडे होतं! (विजापूर रोड, सोलापूर)

शीड डावीकडे होतं म्हणूनच ती स्टारबोर्ड टॅकवर होती. इथे टॅक म्हणजे वळण नव्हे, नावेला वारा लागणारी बाजू. तिचं नाव शिडावरून नव्हे, वारा कोणत्या बाजूने येतो त्यावरून पडतं. वारा उजवीकडून आला की बूम डावीकडे जातो, तो स्टारबोर्ड टॅक. शिडाच्या दोन नावांना वारा वेगवेगळ्या बाजूंनी लागत असेल तर पोर्ट टॅकवालीने वाट द्यायची. दोघींना एकाच बाजूने लागत असेल तर वाऱ्याकडच्या नावेने. समुद्रावरच्या टकरी टाळण्यासाठीच्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतला हा बारावा नियम आहे आणि शर्यतीच्या नियमांतही हेच दोन्ही आहेत.

इंजिनच्या बोटीने एरवी शिडाच्या नावेला वाट द्यायची असते. पण मासेमारी करत असलेल्या बोटीला शिडाच्या नावेनेच वाट द्यावी लागते, आणि अरुंद खाडीमार्गात, ज्या मोठ्या जहाजाला त्या मार्गाबाहेर जाता येत नाही, त्याच्या आड येता येत नाही. भरलेल्या जहाजाला थांबायला एखादा मैल सहज लागतो. त्याच्यापुढे हक्क सांगत बसणारा मूर्खच म्हणायचा.

टक्कर होणार का, हे ओळखायची खूण साधी आहे. समोरची नाव आपल्या नावेच्या एखाद्या तारेच्या वा खांबाच्या रेषेत धरा आणि आपली दिशा न बदलता पाहत राहा. ती रेषेतून पुढे किंवा मागे सरकली तर बहुतेक वेळा पार होते. ती तिथेच राहून मोठी होत गेली तर टक्कर ठरलेली.

चक्रीवादळाच्या बातम्यांत वाऱ्याचा वेग ‘ताशी 45 नॉट’ असा ऐकतो. नॉट म्हणजे नेमकं किती? (होटगी रोड, सोलापूर)

‘ताशी’ काढून टाका. नॉट म्हणजेच तासाला एक नॉटिकल मैल, 1.852 किलोमीटर. 45 नॉट म्हणजे ताशी सुमारे 83 किलोमीटर. घाईत दुप्पट करून दहावा हिस्सा वजा केला की उत्तर जवळपास मिळतं. 45 चे 90, त्यातून 9 गेले, 81.

नॉटिकल मैल म्हणजे व्यवहारात अक्षांशाचा एक मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग. म्हणूनच सागरी नकाशावर अंतर मोजायचं ते उभ्या कडेवरच्या अक्षांशाच्या पट्टीवर, आणि तेही आपण जिथे आहोत त्याच उंचीला. आडव्या कडेवर मोजलं तर चुकतं, कारण रेखांश ध्रुवाकडे जवळ येत जातात. सोलापूरच्या अक्षांशावर रेखांशाचा एक मिनिट 1.77 किलोमीटरच भरतो. सोलापूरहून सरळ पश्चिमेला रेघ ओढली तर ती दाभोळच्या थोडी उत्तरेला समुद्राला भिडते, साधारण 160 नॉटिकल मैलांवर. पाच नॉटने जाणाऱ्या नावेला एवढ्या अंतराला 32 तास लागतील.

आमचे माग आहेत. शिडाचं कापड सोलापुरात विणता येईल का? त्यात वेगळं काय असतं? (अक्कलकोट रोड एमआयडीसी)

साधं विणकामच, पण पॉलिएस्टरचं आणि फार घट्ट. त्याला सरसकट डॅक्रॉन म्हणतात. खरी परीक्षा तिरप्या ताणाची असते. चादर कोपऱ्यांना धरून तिरपी ओढली की लांबते, ते शिडाला चालत नाही. आकार बिघडला की नाव वाऱ्याकडे चढत नाही. म्हणून विणीनंतर कापड उष्णतेने आक्रसवून घट्ट करतात, त्यात राळ मुरवतात आणि तापलेल्या रुळांखालून काढतात. मागावर जेवढं काम आहे तेवढंच या फिनिशिंगवर आहे, आणि अडचण तिथेच येईल.

दुसरी गोष्ट बाण्याची, म्हणजे आडव्या धाग्याची. शिडाची मागची कड म्हणजे लीच, तिच्यावर सर्वांत जास्त ताण येतो. आडव्या पट्ट्यांच्या शिडात बाणा या कडेला समांतर येतो, म्हणून अशा कापडात बाणा जाड आणि सरळ ठेवतात, ताणा म्हणजे उभा धागा बारीक असतो आणि लहरत जातो. वजन ‘सेलमेकर्स औंस’मध्ये सांगतात: 28.5 इंच गुणिले 36 इंच तुकड्याचं वजन. एक औंस म्हणजे सुमारे 43 जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम). चार औंसाचं कापड म्हणून 170 जीएसएमच्या आसपास. वापरात शिवण आधी जाते, कारण दोरा कापडाच्या वर उठलेला असतो आणि ऊन व घासणं दोन्ही त्यालाच लागतं.

होकायंत्राचं व्हेरिएशन आणि डेव्हिएशन यांत फरक काय? (मर्चंट नेव्हीची तयारी करणारा विद्यार्थी)

दोन्हींमुळे होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून ढळते. व्हेरिएशन जागेचं, डेव्हिएशन नावेचं. पहिलं पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे येतं आणि नकाशावर छापलेलं असतं. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर ते फार नाही. दुसरं नावेवरच्या लोखंडामुळे येतं आणि नाव ज्या दिशेला तोंड करेल तसं बदलतं. होकायंत्राशेजारी ठेवलेला मोबाइल किंवा स्पीकरही ते बिघडवतो.

गुहागरला होडीत बसायचं होतं. तांडेल म्हणाला, ‘भांग आहे, पाणी नाही.’ भरतीची वेळ घरून काढता येते का? (बाळे, सोलापूर)

येते. तिथीची पाऊणपट करा. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार, त्या सुमाराला पहाटे आणि दुपारी पूर्ण भरती. दोन्ही पक्षांत प्रतिपदेपासून मोजायचं, पौर्णिमा-अमावास्या पंधरा धरायची, म्हणजे सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि कोकणात दक्षिणेकडे भरती जरा आधी लागते. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी.

पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवस उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा चढउतार कमी. त्या दिवशी भरतीलाही पाणी बेताचंच चढतं, त्यामुळे खाडीच्या तोंडावरच्या वाळूच्या दांड्यावर नाव घासते. तुमच्या तांडेलाचं बरोबर होतं.

पाणी सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढ 3 मीटर धरला तर सहा तासांत ओळीने 25, 50, 75, 75, 50 आणि 25 सेंटिमीटर. मधल्या दोन तासांत निम्मं. कातळावर फोटो काढत बसलेले लोक अडकतात ते याच दोन तासांत.

उजनीच्या फुगवट्यावर साध्या होडीला ताडपत्रीचं शीड लावलं तर चालेल का? (करमाळा)

नाही. सपाट तळाच्या होडीला खाली सेंटरबोर्ड, म्हणजे पाण्यात उभी उतरणारी फळी नसते, त्यामुळे ती वाऱ्याबरोबर वाहत जाईल, पण परत येता येणार नाही. ताडपत्री ऐनवेळी झटकन उतरवता आली नाही तर आणखी वाईट. एप्रिल-मेमध्ये तिथे दुपारनंतर वळवाचा वारा काही मिनिटांत येतो. 21 मे 2024 रोजी कुगावहून कळाशीला जाणारी बोट अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. शिवाय पाणी उतरलं की पळसदेवच्या देवळासारखी जुनी बांधकामं वर येतात. ती पूर्ण उघडी पडण्याआधी पाण्याखाली वीतभर असतात आणि दिसत नाहीत. मासेमारीची जाळी वेगळीच.

शिकलेल्या माणसाबरोबर, धरण प्रशासनाची परवानगी काढून, खऱ्या डिंगीतून (शिडाच्या छोट्या होडीतून) जायचं असेल तर सकाळी जा. पाण्यावर पांढरे फेसाचे तुरे वरचेवर दिसू लागले की वारा 11 ते 16 नॉटच्या घरात आहे, नवशिक्यांनी किनारा गाठावा. आभाळाची कड काळी होऊन तिच्याखाली धुळीचा लोट उठला तर तुरे दिसायची वाट पाहू नका, शीड तिथल्या तिथे उतरवा. लाइफ जॅकेटवरचा आकडा, म्हणजे तरंगवण्याचा जोर, वाचून घ्या. 50 न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी असतं, शुद्ध हरपलेल्याचं तोंड ते वर करेलच असं नाही. त्यासाठी किमान 100 न्यूटनचं लागतं, आणि लहान मुलांना मांड्यांमधून जाणारा पट्टा हवाच, नाहीतर जॅकेट वर राहतं आणि मूल खाली सरकतं. होडी उलटली तर पोहत किनाऱ्याकडे निघू नका, तिला धरून राहा. तरंगणारी उलटी होडी शोधणाऱ्याला लांबून दिसते, एकटं डोकं दिसत नाही.