आधी माप ठरव, मग कंपनी

भाऊ, धातूच्या छोट्या मॉडेल गाड्या जमवायच्या म्हणतोस, तर पहिल्याच महिन्यात बर्डीच्या बाजारात दिसेल ती गाडी उचलू नको. आधी माप ठरव. मी १:४३ वर थांबलो, म्हणजे खऱ्या गाडीच्या त्रेचाळिसाव्या हिश्श्याएवढी. सव्वाचार मीटरची खरी गाडी त्यात जेमतेम दहा सेंटिमीटरची होते. १:१८ ची दारं, बॉनेट बहुधा उघडतात, देखणी असते. पण चार घेतल्या की घरचे विचारतात, आता झोपायचं कुठं?

जुन्या मालात खरी मजा चुरशीची. डिंकी ही ब्रिटिश मॉडेल गाडी या नावानं १९३४ मध्ये बाजारात आली. १९५६ मध्ये कॉर्गी या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीनं खिडक्यांना पारदर्शक प्लास्टिक बसवून तिला घाम फोडला. १९६८ ला हॉट व्हील्सची सुसाट चाकं आली, तर पुढच्याच वर्षी मॅचबॉक्सला 'सुपरफास्ट' ही वेगवान चाकांची मालिका काढावी लागली. एकाच गाडीची दोन कंपन्यांची मॉडेलं शेजारी ठेवून बघ, कुणाचा हात साफ ते लगेच कळतं.

दुसऱ्या महायुद्धापूर्वीचं मॉडेल घेताना भिंग सोबत ने. जस्ताच्या मिश्रधातूत शिसं मिसळलेलं असलं तर धातू फुगतो, तडकतो. त्यावर इलाज नाही, स्वस्तात मिळाली तरी सोड. आणि आपलं नागपूरचं ऊन! खिडकीजवळच्या कपाटात माझी लाल जॅग्वार दोन उन्हाळ्यांत गुलाबी झाली. गाडीचा खोका मात्र फेकू नको, विकताना बऱ्याचदा निम्मा भाव त्याचाच असतो.